दोन तुकड्यांची ट्रॉली

पेद्रूच्या पिकअपमध्ये पुढे कोणी बसायचं यावरूनच निघायला उशीर झाला. परशुराम मिस्त्री वयाने मोठे, म्हणून खिडकीची जागा त्यांची. मधली एक उरली. ती आपलीच, असं त्यांची धाकटी बहीण सीताआत्या धरून चालली होती, आणि सीताआत्या जे धरून चालते त्यावर वाद घालण्यात काही राम नसतो हे उभ्या मिठबाव गावाला ठाऊक आहे. तेव्हा परशुरामांचा धाकटा मुलगा गुरुप्रसाद, त्याची बायको किशोरी आणि मुलगी नम्रता असे तिघं मागे हौद्यात, चटई टाकून. एरवी तिथे मासळीच्या टोपल्या असतात. पेद्रूने आदल्या संध्याकाळी हौदा घासून धुतला होता, पण बांगड्याचा वास काही पाण्याने जात नाही.

"एक ट्रॉली हाडूक एवढी माणसां?" पेद्रूने गाडी सुरू करता करता विचारलं. त्याच्या दोन होड्या. दोन्हींची इंजिनं परशुरामांनी इतक्या वेळा खोलली होती की त्यांत कंपनीचं आता फक्त नाव उरलंय, असं पेद्रू स्वतःच सांगत फिरायचा.

"घरात वस्तू येतली, बघूक नको?" सीताआत्या म्हणाली. "लग्नाचा चेडू बघूक कोण एकटो जाता काय?"

"मगे पोह्यांची सोय आसा मा थंय?"

"गाडी चलव तू."

हे सगळं सुरू झालं श्रावणातल्या उधाणाने. खाडीचं पाणी शेडमध्ये शिरलं आणि परशुरामांचे सगळे पाने, हातोड्या, पेचकस रात्रभर खाऱ्या पाण्यात पडून राहिले. परशुरामांची कामाची रीत अशी, की इंजिनासमोर उकिडवं बसायचं, बाजूला गोणपाट पसरायचं आणि त्यावर हत्यारं मांडायची. मोठे रिंग पाने उजव्या गुडघ्याशी, हातोड्या डाव्या. न बघता हात बरोबर जातो. उभं आयुष्य असं बसून गेलं. पण उधाण आलं की गोणपाटावर मांडलेलं काही वाचत नाही. तेव्हा परशुरामांचे थोरले चिरंजीव भाई, सावंतवाडीला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी फोनवर निकाल दिला. चाकांवरची मोठी टूल ट्रॉली घ्यायची. लोखंडी, खणाखणांची, कुलपाची. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, त्याच्या आत ती शेडमध्ये आली पाहिजे. आणि त्या दिवशी बाबांनी आपले पाने ओमकारच्या हातात द्यायचे, म्हणजे पुढे शेड त्याची.

ओमकार म्हणजे भाईंचा मुलगा. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे. सध्या मालवणात पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवतो. यातल्या 'सध्या'वर भाईंचा फार भरवसा होता.

किशोरीचा जीव मात्र हौद्यात बसल्याबसल्या टांगणीला लागला होता. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून नम्रता आजोबांच्या शेजारी जी बसली ती बसलीच. आजोबांच्या डोळ्यांना आता नोझलची बारीक छिद्रं दिसत नाहीत, गुडघे वाजतात. गेल्या दोन मोसमांत बहुतेक होड्या नम्रतानेच इंजिनं दुरुस्त करून पाण्यात घातल्या, पण गावाच्या तोंडी नाव अजून परशुराम मिस्त्रीचंच. आणि आता रत्नागिरीच्या एका सर्व्हिस सेंटरने तिला बोलावलं होतं. दसऱ्यानंतर कळवायचं होतं. हे फक्त आईला माहीत.

"आजोबांनी पाने ओमकाराक दिले तर मी रत्नागिरीक जातंय," ती काल रात्री भाकऱ्या थापता थापता म्हणाली होती. "शेडीत पावणी म्हणान मी रवचंय नाय."

आचऱ्याच्या वळणावर किशोरीने नवऱ्याला कोपरखळी मारली. "तुमी बोला भाईंकडे."

"बोलतंय."

"केवा?"

"बघूया," गुरुप्रसाद म्हणाला. हा माणूस कलमांच्या बागेत वाघ. माकडांवर ओरडला की पलीकडच्या वाडीतली माकडंसुद्धा पळतात. पण थोरल्या भावासमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. त्याच्या 'बघूया'ची किशोरीला लग्नापासून सवय होती, म्हणून तिने मनाशी ठरवलं की वेळ आली तर आपणच तोंड उघडायचं.

हौद्याची कडा धरून नम्रता मागे पळणारा रस्ता बघत होती.

*

भाई कणकवलीच्या मशिनरीच्या दुकानाच्या पायरीवर कधीपासून उभे होते. आत त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. ट्रॉली लाल, उंच, एकसंध, चकाकणारी. तिच्या बाजूला ओमकार, मोबाइलमध्ये मान घालून. दोघांची उंची जवळजवळ सारखी होती, आणि भाईंना ते चित्र मनापासून आवडलं होतं. आपला मुलगा, त्याची ट्रॉली, खाडीकाठची ती शेड. लहानपणी भाई त्या शेडच्या दाराशी जाऊन उभे राहायचे आणि बाबा आतून म्हणायचे, 'तू जा, अभ्यास कर.' अभ्यास झाला, बँक झाली, पेन्शनही सुरू झाली. आत बसायचं राहिलं ते राहिलंच.

"या, या. हीच ती," भाई म्हणाले. दुकानात शिरलं की भाईंची भाषा इस्त्री केल्यासारखी होते. "विनीत, यांना जरा नीट दाखवा."

दुकानदार विनीत हसतमुख. त्याने खण ओढून दाखवले. "बेअरिंगवर चालतात, काकी. नुसतं बोट लावा."

सीताआत्याने बोट लावायच्या ऐवजी दोन्ही हातांनी ओढला. खण सुळकन आला तो थेट तिच्या पोटाला. "अगो बाय माझे! ह्यां तर आंगार येता!"

"लाडात आसा," पेद्रू म्हणाला.

"चलवून दाखवा बघू जरा," आत्याने फर्मावलं.

विनीतने ट्रॉली काउंटरपर्यंत नेली आणि परत आणली. सीताआत्याने डोकं एका बाजूला कलतं करून चाल पाहिली. "बरी चलता. वाकडी जाणा नाय."

"कुळाची चौकशी करा," पेद्रू म्हणाला. "खंयची गो ही?"

"लुधियानाची," विनीतने सांगितलं.

"पंजाबची! आमच्या खाऱ्या वाऱ्यात टिकतली मा, की वर्षात आंगार तांबेरो येतलो?"

भाईंना हे थट्टेचं वळण पसंत नव्हतं. त्यांनी घसा खाकरून खणांची खोली, कुलपाची रीत, चाकांचा ब्रेक असं सगळं समजावलं. परशुराम ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी धोतर सावरलं आणि ट्रॉलीसमोर सरळ उकिडवे बसले, इंजिनासमोर बसतात तसे. तळचा खण ओढला. त्याच्या वरचा ओढला. मग हात वर केला, पण तिसऱ्या खणाच्या पुढे तो पोचेना.

"बाबा, ही उभ्याने वापरायची असते."

"मी उभ्यान इंजिन खोलतंय काय कधी?"

"आता सवय करायची."

"ह्या वयात?" परशुराम म्हणाले.

नम्रता पुढे झाली. तिने सगळ्यात वरचा खण ओढला. तो तिच्या कपाळाच्या वर उघडला. ती टाचा उंचावून आत डोकावली, मग पुन्हा खाली आली. "माका ह्यातला कायच दिसणा नाय, भाईकाका."

"ओमकारच्या उंचीला बरोबर आहे," भाई म्हणाले.

किशोरीने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुप्रसाद भिंतीवरच्या रंगाच्या डब्यांची नावं वाचत होता, आणि ती वाचून संपेपर्यंत तो मान वळवणार नव्हता.

*

परशुरामांना ती राखाडी ट्रॉली बसल्या जागेवरून दिसली. कोपऱ्यात होती, अंगाने ठेंगणी, रंगाने साधी. "आनी ती?"

"ती दोन पीसमध्ये आहे," विनीत म्हणाला. "वरची पेटी सुटी, खालचं चाकांचं कपाट सुटं. हवं तेव्हा एकावर एक, हवं तेव्हा वेगळं."

"दोन तुकडे?" परशुरामांनी मान फिरवली. "नको."

विनीतला कळेना, हो म्हणता म्हणता यांचं काय बिनसलं. मिठबावच्या माणसांना कळलं. परशुराम लहान असताना त्यांच्या वडलांची आणि काकांची वाटणी झाली. जमीन, माड, भांडी सगळं सुरळीत पार पडलं, आणि शेवटी पाटा या घराला आला, वरवंटा त्या घराला गेला. मग दोन्ही घरं हट्टाला पेटली. यांनी पाटा दिला नाही, त्यांनी वरवंटा सोडला नाही. कितीतरी वर्षं दोन्ही घरच्या बायका खोबऱ्याची वाटी घेऊन शेजारणीच्या मागच्या दारी जात होत्या, आणि वाटेत भेटल्या तर एकमेकींकडे पाठ करत होत्या. परशुरामांची आई त्यातच झुरली असं परशुरामांचं मत. तेव्हापासून जी वस्तू दोन तुकड्यांत येते ती या घराचा उंबरा ओलांडत नाही. किशोरीच्या लग्नात माहेरून दोन सुट्या भागांचा जोडपलंग आला होता, तो आल्या टेम्पोने परत गेला. किशोरी ते विसरलेली नाही.

"आजोबा, घेव नको, पण बघूक काय जाता?" हे ओमकार बोलला. इतका वेळ तो मोबाइलमधून बाहेर आला नव्हता. त्याने खिशात फोन टाकला, विनीतला खुणावलं, दोघांनी वरची पेटी उचलली आणि परशुरामांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

परशुरामांचा हात आपसूक पुढे गेला. पहिला खण गुडघ्याशी. दुसरा त्याच्या वर. सगळ्यात वरचा छातीशी. उजवीकडे हात नेला, खण. डावीकडे नेला, खण. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा हात फिरवला, जणू पाने आत मांडलेच आहेत. त्यांना ती पेटी फार आवडली. आणि आवडली म्हणूनच भीती वाटली.

मागे राहिलेलं चाकांचं कपाट आता नम्रताच्या कंबरेशी येत होतं. तिने वरच्या सपाट पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवले. "इंजिनाचा हेड खोलून ठेवूक बरी जागा आसा ही," ती म्हणाली, कोणालाच न सांगता.

"बाबा, तुमचंच म्हणणं, दोन तुकडे नकोत," भाई घाईने म्हणाले.

"नकोतच," परशुराम म्हणाले, पण पेटीवरचा हात त्यांनी काढला नाही.

सीताआत्या सगळं बघत होती. ती त्या वाटणीच्या वेळी पाळण्यात होती, पण गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की तिच्यासमोरच घडल्यासारखी. "दादा," ती म्हणाली, "पाटो एका घराक नि वरवंटो दुसऱ्या घराक गेलो, म्हणान आयेची रड झाली. ही दोनूय एकाच शेडीत रवतली मा? तू एका बाजूक बसान, चेडू दुसऱ्या बाजूक उभ्यान. मगे ह्यात वाटणी खंय इली?"

परशुरामांनी पेटीचा खण एकदा ओढला, एकदा ढकलला.

"तसा आसा तर बाबा," किशोरी म्हणाली, "माझो पलंग कित्याक परत धाडलात?"

पेद्रू पहिला फुटला. मग विनीत, मग ओमकार. गुरुप्रसादसुद्धा रंगाच्या डब्यांकडे तोंड करून हसला, खांदे हलले ते मागून दिसलं. परशुराम बराच वेळ हसू दाबून बसले आणि मग त्यांनाही ते आवरेना. "चुकलाच गो ता," ते म्हणाले. "घ्या. हीच घ्या."

भाईंची लाल ट्रॉली गेली. पण बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस हातचं सगळं कधी सोडत नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "वरची पेटी बाबांची. खालचं कपाट ओमकारचं. खंडेनवमीला बाबा पाने त्याच्या हातात देतील."

नम्रताने पत्र्यावरचे तळवे उचलले आणि ती दुकानाबाहेर गेली.

"आणि नम्रताचं काय, भाई?" किशोरीने विचारलंच.

"ती हुशार आहे, मी नाही कुठे म्हणतो? पण ती उद्या लग्न होऊन जाईल. मग शेड कोण बघणार?"

"ओमकार खंय बघता? तो पाण्याखाली आसता."

"तो सध्या!" भाईंची इस्त्री इथे मोडली. "माका बाबांनी कधी थंय बसवल्यानी? दाराशी उभो रवलंय की 'अभ्यास कर, अभ्यास कर'. केलंय अभ्यास! आता माझ्या झिलाक तरी बसूंदेत!"

दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. भाईंनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला. परशुराम पेटीपाशी तसेच बसून होते. त्यांनी मुलाकडे असं पाहिलं, जणू हा आवाज त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला.

*

ट्रॉलीचे दोन्ही भाग हौद्यात चढवेपर्यंत परशुराम पिकअपमध्ये जाऊन बसले. काच खाली होती. गाडीच्या मागे नम्रता सुंभाच्या गाठी मारत होती आणि ओमकार दुसरं टोक धरून उभा होता.

"माका ता कपाट होया नाय," ओमकार म्हणाला.

"मगे सांग तुझ्या बापाशीक."

"तू सांग."

"मी कित्याक सांगू? मी मागूक जावचंय नाय. आजोबांच्या मनात आसता तर तेंनी इतक्या वर्षांत एकदा तरी म्हटल्यानी असता, शेड तुझी म्हणान." गाठ आवळली गेली. "रत्नागिरीक बोलवल्यानी माका. दसरो झालो की जातंय."

"जातंस? खरांच?"

"तोंडान नाय सांगणत ते. मी मनातला कसा वाचू?"

परशुरामांना उघड्या काचेतून सगळं ऐकू आलं. पोरीला हे माहीत नाही? रोज सकाळी शेडचं दार ती उघडते. होडीवाल्यांना किंमत ती सांगते. काल परवा त्यांनी स्वतः वाकडी बसवलेली गॅस्केट तिने गुपचूप बदलली आणि त्यांनी ते गुपचूप पाहिलं. याहून आणखी काय सांगायचं असतं? त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, की न सांगितलेलं समोरच्याला ऐकू येत नाही. भाईलाही आलं नव्हतं. 'अभ्यास कर' म्हणताना आपण पोराला काळ्या हातांपासून लांब ठेवतोय, त्याचं भलं करतोय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पोर दाराशी उभं राहून काय बघत होतं ते त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला आणि पोरांची माया दाटून आली, दोन्ही एकदम.

भाईशी वाद घालणं त्यांच्याने होणारं नव्हतं. भाई मुद्दे मांडतो. कणकवली गेली, आचरा गेलं, तरी परशुराम डोळे मिटून बसले होते. सीताआत्याला वाटलं, झोप लागली. ओठ मात्र हलत होते.

*

खंडेनवमीच्या सकाळी भाई सहकुटुंब आले तर शेडमध्ये वेगळंच चित्र. जांभ्याच्या खडबडीत जमिनीवर चाकं अडणार हे गुरुप्रसादच्या ध्यानात आलं होतं. थोरल्या भावाशी एक शब्द न बोललेल्या त्या माणसाने दारापासून नम्रताच्या कामाच्या बाकापर्यंत सिमेंटचा गुळगुळीत पट्टा ओतला होता. पट्टा बाकापाशी थांबत होता. पुढे नाही, मागे नाही. किशोरीने तो पाहिला आणि तिला नवऱ्याचं इतकं कौतुक वाटलं की तिने त्याला चहात साखर जास्त घातली.

कपाट पट्ट्यावर, पेटी परशुरामांच्या जागेजवळ जमिनीवर. दोन्हींना झेंडूच्या माळा. पाने उजळून केळीच्या पानावर मांडलेले. पेद्रूही आला होता, दरवर्षी येतो. त्याच्या इंजिनाची पूजा इथे होते आणि नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, या घरी त्याच्याकडून येतात.

परशुराम नारळ घेऊन उभे राहिले. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाला चार गोष्टी उघड सांगायच्या, आणि प्रत्येक गोष्टीला उभ्या असलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. मध्ये कोणी बोलत नाही, आणि होकार दिला की तो देवासमोर दिलेला असतो. होकार भरण्यात भाईंचा आवाज गावात नावाजलेला. जत्रेत माणसं त्यांना पुढे उभं करतात.

"बा देवा म्हाराजा," परशुरामांनी सुरुवात केली, "आज खंडेनवमीक ही तुझी लेकरां हत्यारां मांडून तुझ्यापुढे उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" भाईंनी शेड दणाणून सोडली.

"काय चुकला माकला असात ता पोटात घाल रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"हो माझो नातू ओमकार. हेचा मन समुद्रात आसा. तो पाण्यात बुडी मारता, तेवा तेची राखण कर, तेका थंयच बरकत दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने ओमकार ओरडला. भाईंचा आवाज निघाला खरा, पण अर्ध्यावर अडखळला.

"हो माझो थोरलो. हेका मी दाराशी उभो ठेवलंय. माका कळाक नाय रे म्हाराजा. आजपासून तो इलो की हयसर माझ्या बाजूक बसतलो, पाने पुसतलो, गजाली करतलो. तेचा मन थंड कर रे म्हाराजा..."

होकार आला, पण त्यात भाईंचा आवाज नव्हता. ते खाली बघत होते. चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मग उशिराने, एकट्याने, ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"आनी ह्या शेडीतले पाने, जे माझ्या हातात होते, ते आजपासून नम्रताच्या हातात दितंय. शेड तिची. लगीन होवंदे, न होवंदे, शेड तिची. तिका येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने भाईंचाच आवाज पुढे गेला. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांनी ओमकारकडे पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी सिमेंटचा पट्टा पाहिला, तो कुठे थांबतो ते पाहिलं, आणि धाकट्या भावाकडे पाहिलं. गुरुप्रसादने या खेपेला नजर चुकवली नाही. भाईंनी रुमालाने नाक पुसलं आणि पुन्हा एकदा, आता समजून उमजून, हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."

परशुरामांनी नारळ फोडला नाही. हात वर तसाच.

"दादा, फोड मा," सीताआत्या कुजबुजली.

"एक आवाज कमी पडलो," परशुराम म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नम्रताला कळलं. इतक्या वर्षांत ज्या एका वाक्यासाठी ती थांबली होती ते असं देवासमोर, सगळ्या घरासमोर येईल असं तिला वाटलंच नव्हतं. हसू येत होतं, रडू येत होतं. आजोबा नारळ धरून तिच्याकडेच बघत होते. त्यांना होकार हवा होता, तिच्या तोंडून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

तिने काळ्या बोटांनी डोळे पुसले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

"आता कसा," परशुराम म्हणाले, आणि त्यांनी नारळ फोडला.